"धक्का तेवढाच राहिला" या तक्रारीला दुकानाचं उत्तर

भाऊ, तुमचा एक ताऱ्याचा अभिप्राय वाचला. तुमचं म्हणणं असं: जळगावला दुकानात तीन मझल ब्रेक (धक्का कमी करायला नळीच्या तोंडाला बसवायचा तुकडा) दाखवले, त्यातला सगळ्यात महागडा माथी मारला, एअर रायफलचा धक्का होता तेवढाच राहिला, छर्रे उलट जास्त फाकायला लागले, आवाज दाबणारी नळी मागितली तर उडवून लावलं, आणि चहासुद्धा विचारला नाही. चहाचं खरं आहे.

आधी आमची चूक. काउंटरवर माझा पुतण्या होता. "ब्रेक लावला की धक्का निम्मा" हे तो बोलला, त्याने कबूल केलं. तुमच्या रायफलला ते लागूच पडत नाही.

तुमची रायफल नळी मोडून भरायची, स्प्रिंगची. घोडा दाबला की आतला जड दट्ट्या पुढे सुटतो, म्हणून रायफल मागे येते. दट्ट्या टोकाला जाऊन थांबला की ती पुढे झटकते. हा दणका आतल्या लोखंडाचा, आणि छर्रा बाहेर पडायच्या आत बराचसा होऊनही जातो. नळीच्या तोंडाशी काय बसवलंय याचं दट्ट्याला काही देणंघेणं नसतं. ब्रेकचं काम चालतं ते बाहेर पडणाऱ्या वायूवर. वायू कप्प्यांच्या भिंतींवर आपटतो, बाजूला वळतो आणि रायफलला पुढे ओढतो. त्यासाठी मुळात वायू भरपूर हवा. माझे वडील वरणगावच्या फॅक्टरीत काडतुसांच्या कामावर होते, ते हे वजनात सांगायचे: थर्टी-ओ-सिक्स या मोठ्या रायफलच्या काडतुसात दारू 3 ग्रॅमच्या आसपास, पॉइंट टू-टू या छोट्या काडतुसात ग्रॅमचा जेमतेम दहावा हिस्सा. पहिल्यात ब्रेकचा फरक खांद्याला लगेच कळतो. दुसऱ्यात तो नुसता दागिना. तुमच्या रायफलीत तर दारूच नाही, चिमूटभर दाबलेली हवा आहे.

मग तीन प्रकार ठेवले कशाला? प्लॅस्टिकचा जो आहे त्याला ब्रेक म्हणतात एवढंच. नळी मोडताना हाताला पकड मिळते, बस. भरीव पोलादीचं वजन पुढे येतं, नेम धरताना तोंड कमी डुलतं. तुम्ही नेलेला कप्प्यांचा पीसीपी रायफलला (टाकीत आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) शोभतो, तिथे तो छर्र्यामागची खवळलेली हवा बाजूला काढतो. मी असतो तर पोलादी दिला असता, नाहीतर रिकाम्या हाताने पाठवलं असतं. धक्क्यावर उपाय पकडीचा आहे: पुढचा हात सैल, रायफल तळव्यावर नुसती टेकलेली, दरवेळी त्याच जागी. आवळून धरली की छर्रे पांगलेच.

तुमच्या मित्राच्या थर्टी-ओ-सिक्सबद्दलही विचारलंत. तिथे तुलनेला अर्थ आहे, पण फुकट काही नाही. कुठलाही ब्रेक आवाज मारणाऱ्याच्या कानाकडे वळवतो, कानात इअरप्लग हवेतच. चहूबाजूंनी भोकं असलेला घेऊन वैशाखात शेतात पालथं पडून मारलं तर फुफाटा उडून समोरचं काही दिसत नाही. फक्त बाजूला कप्पे असलेल्यात धूळ कमी, पण शेजारी बसलेला माणूस शिव्या देतो. आणि ब्रेक बसवायला त्या रायफलच्या नळीवर आटे पाडायचं काम माझ्याकडे नाही. शस्त्र कायद्याप्रमाणे दुरुस्तीचा परवाना असलेल्याकडेच न्या.

छर्रे फाकतात हे मात्र शंभर टक्के आमचं. तुमच्या फोटोत ब्रेकच्या पुढच्या भोकाच्या एकाच कडेला शिशाचा चकचकीत ओरखडा दिसतो. म्हणजे छर्रा जाताना घासतोय. बसवताना बाजूचा स्क्रू एकाच अंगाने आवळला गेला आणि ब्रेक केसभर तिरका बसला. बसवून झाल्यावर पाच छर्रे मारून बघायचे हा दुकानाचा नियम, तो त्या दिवशी पाळला नाही.

एक मान्य नाही. आवाज दाबणारी नळी मी ठेवत नाही आणि मागवूनही देणार नाही. बंदुकीचा आवाज दाबणारी जोडणी शस्त्र नियमांत कडक निर्बंधाच्या गटात येते. त्यासाठी आणखी चार तारे गेले तरी चालतील.

आणि लेकीच्या 10 मीटर स्पर्धेच्या रायफलला हा ब्रेक लावायचं मनात असेल तर थांबा. आयएसएसएफच्या (नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना) नियमांत रायफलवर मझल ब्रेक चालत नाही, तपासणीतच अडवतील.

ब्रेक काढून टाका, घरी पाच छर्रे मारून बघा आणि पावती घेऊन या. ब्रेकचे आणि बसवणावळीचे पैसे पूर्ण परत. रायफल रिकामी करून, कव्हरमध्ये घालून आणा. गुरुवारी दुकान बंद असतं.