नेट मंदावलं? ब्राउझर बदला!

रात्रीचे आठ वाजलेत, मुलीचा ऑनलाइन क्लास रंगात आलाय आणि पडद्यावर ते गोल चक्र फिरू लागलंय, तर केबलवाल्याला फोन मुळीच करू नका. तो "बाब, फाल्यां येतां" म्हणेल. गोव्यात राहूनही ज्यांना 'फाल्यां' म्हणजे उद्या असं वाटतं, त्यांनी हा लेख इथंच सोडावा. बाकीच्यांनी ब्राउझर बदलावा.

ब्राउझरच्या बाबतीत तुम्ही राजे आहात. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, व्हिवाल्डी, हवा तो घ्या, सगळे फुकट आणि सगळे 'सर्वांत वेगवान'. फक्त झाकण उघडून बघू नका. ऑपेरानं 2013 साली आपली चूल (म्हणजे वेबपानं उघडणारं आतलं इंजिन) मोडली, एजनं 2020 साली, आणि आता हे सगळे गुगलच्या क्रोमियमवरच रांधतात. हुमण (माशांची आमटी) एकच, वाडगे पाच. फायरफॉक्स मात्र अजून स्वतःच्या चुलीवर आहे, म्हणून त्याच्या नादी लागू नका. स्पर्धेत खरोखरच वेगळा असणारा माणूस शोभत नाही.

आता तार. ती आमच्या वाड्यावर एकच येते, माडामाडावरून. इथं निवड नाही, म्हणून निवडीची कटकटही नाही. प्लॅन 'अनलिमिटेड' आहे. म्हणजे कसा? फिश थाळीसारखा: भात हवा तेवढा, तुकडी एकच. महिन्याची तुकडी, म्हणजे पूर्ण वेगाचा ठरलेला डेटा, संपली की वेग खाली येतो. 2016 साली ट्रायनं (दूरसंचार कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं) सांगितलं की कितीही खाली आणा, पण 512 केबीपीएसच्या खाली नको. त्या काळी सरकारी व्याख्येत तेवढ्यालाच ब्रॉडबँड म्हणत (2023 पासून 2 एमबीपीएस लागतात). या वेगानं एक जीबीची फाइल उतरायला सव्वाचार तासांहून थोडं जास्तच लागतं. तेवढ्यात कदंब बसनं पणजीहून काणकोणला जाऊन परत यावं. वाटेत चहाही होतो.

तरी आपलं बरं आहे. अमेरिकेत 2007 साली कॉमकास्ट या इंटरनेट कंपनीनं बिटटॉरंटची (लोक आपसांत फाइली वाटतात त्या पद्धतीची) वाहतूकच गुपचूप कापली. दोन संगणक बोलत असत, आणि ही कंपनी मध्येच दोघांच्या नावानं "ठेवतो आता" असा खोटा निरोप पाठवी. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं खात्री करायला चक्क बायबल पाठवून पाहिलं, तर तेही अडलं. तिथल्या सरकारी दूरसंचार आयोगानं 2008 साली कंपनीला चुकीचं ठरवलं, 2010 साली कोर्टानं आयोगाला सांगितलं की हा तुमचा अधिकारच नव्हे. आपल्याकडे मात्र 2016 साली ट्रायनं साइटनिहाय वेगळे दर लावायला मनाई केली आणि 2018 साली सरकारनं नेट न्यूट्रॅलिटी, म्हणजे नेटवर सगळ्या वाहतुकीला समान वागणूक, मान्य केली. तेव्हा कुणाचीही वाहतूक निवडून अडवता येत नाही. आमचा केबलवाला कायदा काटेकोर पाळतो, तो सगळ्यांचीच अडवतो. इतकी समता फेरीबोटीच्या रांगेतही दिसत नाही, तिथं एखादा स्कूटरवाला बाजूनं घुसतोच.

वेग मोजायचाच असेल तर केबलवाल्यानं सुचवलेल्या साइटवरच मोजा. काटा झरकन 50 वर जातो, मन प्रसन्न होतं. व्हिडिओ अडकला तर दोष व्हिडिओचा. नेटफ्लिक्सनं 2016 साली स्वतःच्या, म्हणजे व्हिडिओ जिथून येतात त्याच, सर्व्हरवरून वेग मोजणारी साइट काढली. त्या साइटवर जाऊन उगाच रक्तदाब वाढवून घेऊ नका.

मी हे सगळं अनुभवानं सांगतोय. माझ्याकडे तीन ब्राउझर होते आणि तिन्ही वापरून झाले. ऐन आषाढात चौथा उतरवत होतो, तेवढ्यात शेजारच्या माडाचं झाप तारेवर पडलं. केबलवाल्याला फोन केला नाही, पण तोच रस्त्यात भेटला आणि म्हणाला, "फाल्यां." आता चवथ होऊन गेली. चौथा ब्राउझर अजून 71 टक्क्यांवर आहे.