‘एवढ्या सुंदर बेटावर जाऊन हे रडगाणं कशाला?’ : सुहासरावांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सुहासराव, तुम्ही वेळ काढून मनापासून लिहिलंत, त्यामुळे नुसतं ‘मताचा आदर आहे’ म्हणून सोडून देणं मला बरं वाटेना, म्हणून हे लांबलचक उत्तर.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोस बेटावर ब्रिजटाऊनमधलं जॉर्ज वॉशिंग्टन हाऊस, म्हणजे अमेरिकेचा पहिला अध्यक्ष तरुणपणी राहिला ते घर, बघून आल्यावर मी पोस्ट टाकली होती. सुहासरावांचं म्हणणं, एकतर वॉशिंग्टन तिथे दोन महिनेसुद्धा राहिला नाही, त्याचं काय एवढं म्युझियम करायचं. दुसरं, आतलं फर्निचर त्याचं नाहीच, म्हणजे नाटकाचा सेट लावल्यासारखं सगळं. आणि मुख्य राग हा की अर्धी पोस्ट मी गुलामगिरीवर घालवली, आपला त्याच्याशी काय संबंध, समुद्र, रम आणि आपण वर्ल्ड कप जिंकलो ते मैदान सगळं राहिलं बाजूला. शेवटी विचारलंय की डिसेंबरात मुलीकडे फ्लोरिडाला येताय, क्रूझ बार्बाडोसला एक दिवस थांबते, तर त्यातला वेळ या घरासाठी काढावा का.

फर्निचरचं आधी घेते, ते लवकर संपेल. ते घर वॉशिंग्टनच्या मालकीचं कधीच नव्हतं, तो तिथे भाडेकरू होता. तेव्हा तो कोणी मोठा माणूसही नव्हता, व्हर्जिनियातला एकोणीस वर्षांचा, जमिनी मोजायचं काम करणारा मुलगा. अशा भाडेकरूची खुर्ची अडीचशे वर्षं कोण जपून ठेवणार? नंतर ती जागा ब्रिटिश सैन्याच्या ताब्यात गेली, आणि गोष्ट इतकी विसरली गेली की बरीच वर्षं लोक बे स्ट्रीटवरचं दुसरंच घर वॉशिंग्टनचं म्हणून दाखवायचे. मग कागदपत्रं तपासून हेच घर, म्हणजे बुश हिल हाऊस, नक्की केलं, दुरुस्त केलं आणि २००७ मध्ये म्युझियम म्हणून उघडलं. खालच्या मजल्यावर १७५१ च्या सुमाराला घर कसं असेल तसं मांडून ठेवलंय, जेवणाचं टेबल, पलंग वगैरे, आणि या वस्तू त्या काळाच्या धर्तीवरच्या आहेत हे लपवत नाहीत. मला यात फसवणूक दिसत नाही. फसवणूक तेव्हा झाली असती जेव्हा एखादा पलंग दाखवून ‘इथेच झोपायचा बरं का’ म्हणून ठोकून दिलं असतं. आणि घर म्हणजे काय फक्त फर्निचर का हो? जाड दगडी भिंती आहेत, बाहेर ऊन रणरणत असतं आणि आत पाऊल टाकलं की अंगाला फरक कळतो, त्यासाठी कोणाच्या सहीचं सर्टिफिकेट लागत नाही.

आता दोन महिन्यांचा मुद्दा. वॉशिंग्टन नोव्हेंबर १७५१ च्या सुरुवातीला बेटावर उतरला आणि २२ डिसेंबरला निघाला. सोबत सावत्र मोठा भाऊ लॉरेन्स, त्याला क्षय झालेला, तिथल्या हवेने बरं वाटेल म्हणून आणलेला. जॉर्जने आयुष्यात समुद्र ओलांडून केलेला प्रवास हा एवढाच. आणि त्यात झालं काय, तर १७ नोव्हेंबरला त्याला देवी आल्या. देवी! आपल्याकडे आजीच्या पिढीतल्या कितीतरी चेहऱ्यांवर ते व्रण असायचे, माझ्या आजीच्या गालांवर होते, लहानपणी मी त्यांच्यावरून बोट फिरवायचे आणि ती काही बोलायची नाही. भारतातून हा रोग गेला तो पार १९७५ मध्ये, म्हणजे तुम्ही शाळा-कॉलेजात असाल तेव्हा. तर हा मुलगा जवळजवळ महिनाभर घरात पडून होता, १२ डिसेंबरला बाहेर पडला. लॉरेन्सला हवा काही मानवली नाही, तो पुढच्या वर्षी जुलैत घरी जाऊन वारला.

पण जॉर्जला देवी येऊन गेल्या त्या पुन्हा येणार नव्हत्या. पंचवीस वर्षांनी इंग्रजांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात तो सेनापती असताना अमेरिकन सैन्यात देवीची साथ पसरली, कॅनडातल्या क्विबेकवर गेलेल्या फौजेची तर देवीने दाणादाण उडवली, आणि १७७७ मध्ये त्याने सैनिकांना टोचून घ्यायचा हुकूम काढला. जेन्नरची देवीवरची लस यायला अजून एकोणीस वर्षं होती, त्यामुळे तेव्हाचं टोचणं म्हणजे देवीच्या फोडातलाच द्रव कातडीला छेद देऊन आत घालायचा, त्यातही माणसं दगावायची, तरी साथीने मरणाऱ्यांपेक्षा खूपच कमी. हा निर्णय त्याने नुसत्या त्या आजारपणामुळे घेतला असं मी म्हणणार नाही, पण रोग काय करतो हे त्याने स्वतःच्या अंगावर भोगलं होतं ते याच घरात. मग दोन महिने कमी कसे?

आणि आता तुमच्या मुख्य रागाकडे येते, यावर मला जरा जास्त लिहायचंय.

वॉशिंग्टनची त्या प्रवासातली डायरी आहे, काही पानं खराब झालीयेत, पण बरीच वाचता येतात. त्यात घरभाड्याची नोंद आहे. घर कॅप्टन क्रॉफ्टनचं, भाडं महिना १५ पौंड, आणि त्यात दारू आणि धुणं धरलेलं नाही. भाडं फारच महाग म्हणून त्याने तक्रारही केलीये. ही नोंद वाचली तेव्हापासून ते ‘धुणं वेगळं’ माझ्या डोक्यातून जात नाहीये. कारण लगेच पुढचा प्रश्न येतो की मग धुणं धुतलं कोणी? महिनाभर एक माणूस देवीने फणफणतोय, अंगभर फोड, ते फुटतायत, चादरी, उशा, सदरे सगळं पू-रक्ताने माखलेलं, ते रोज काढून, उकळून, घासून वाळत घालणारं कोणीतरी होतं ना? त्या काळच्या ब्रिजटाऊनमध्ये हे काम गुलाम बायकांचं. मालक त्यांना दुसऱ्यांच्या घरी धुण्याला भाड्याने द्यायचे आणि पैसे स्वतः घ्यायचे. डायरीत आजारपणात येऊन गेलेल्या डॉक्टरांचं नाव आहे, मदत पाठवणाऱ्या क्लार्क नावाच्या व्यापाऱ्याचं आहे. चादरी धुणाऱ्या बाईचं नाही. तिला देवी येऊन गेल्या होत्या की त्या चादरींमुळे तिलाही आल्या, ती जगली का, काहीच नाही.

सुहासराव, मी त्या मांडून ठेवलेल्या पलंगासमोर उभी होते तेव्हा मला वॉशिंग्टनपेक्षा ती बाई जास्त आठवत होती. हे मुद्दाम ओढून ताणून आणलेलं नाही हो, पलंग बघितला की चादर दिसते आणि चादर दिसली की धुणारी आठवते, संसार केलेल्या कुठल्याही बाईला विचारा.

म्युझियमवाल्यांनीही हे टाळलेलं नाही. वरच्या मजल्यावर प्रदर्शन आहे, त्यात साखर, गुलामगिरी, त्या काळचे रोग आणि औषधपाणी असं सगळं मांडलंय. १७५० च्या आसपास त्या बेटावर चार माणसांतली तीनपेक्षा जास्त माणसं गुलाम होती. म्हणजे तुम्ही बार्बाडोसबद्दल लिहिताना गुलामगिरी वगळायची म्हटलं तर बेटावरची बहुतेक माणसंच वगळावी लागतील, मग उरेल काय, नारळाची झाडं? १६६१ मध्ये तिथे गुलामांसाठी जो कायदा केला त्याचीच नक्कल पुढे जमैकाने केली, साउथ कॅरोलायनाने केली. ज्या क्लार्कने आजारी जॉर्जसाठी वस्तू पाठवल्या तो भला माणूस असेलही, पण गुलामांच्या व्यापारात त्याचाही पैसा होता. आणि जॉर्ज स्वतः? वडील वारले तेव्हा अकराव्या वर्षी त्याच्या वाट्याला दहा गुलाम आले होते.

साखरेचं थोडं सांगते, कारण आपल्या लोकांना ते लगेच कळेल. कोल्हापूरकडचं गुऱ्हाळ बघितलंय ना तुम्ही, चरक, काहील, वर येणारी मळी, तो खमंग वास? तसंच, पण मैलोन्‌मैल आणि रात्रंदिवस. ऊस तोडला की लवकरात लवकर गाळावा लागतो, नाहीतर रस आंबतो, त्यामुळे हंगामात चरक फिरवणारी पवनचक्की थांबायची नाही आणि माणसंही नाही. रात्री झोपेने डोळे मिटत असताना चरकाच्या रुळांत ऊस सरकवायचा, बोट अडकलं की हात आत ओढला जायचा, म्हणून कॅरिबियनमधल्या चक्क्यांजवळ एक कुऱ्हाड ठेवलेली असायची, कशासाठी ते मी लिहीत नाही. मग रस एका काहिलीतून दुसऱ्या लहान काहिलीत, मग तिसऱ्या, प्रत्येक ठिकाणी जास्त दाट आणि जास्त गरम, अंगावर उडाला तर चिकटून बसणारा. माणसं इतकी मरायची की जहाजं नवीन माणसं आणतच राहायची. एकोणीस वर्षांच्या वॉशिंग्टनला हीच उसाची शेतं बघून वेड लागलं होतं, डायरीत त्या हिरव्या देखाव्याचं, फळांचं, अननसाचं किती कौतुक! देखावा सुंदर होताच, अजूनही आहे. मी सौंदर्य नाकारत नाहीये, फक्त ते कोणाच्या हातांनी उभं राहिलं हे त्याच वाक्यात सांगायचंय.

तुम्हाला पोस्टमधला तो छोट्या लाकडी घराचा फोटो आवडला ना, पिवळं घर, निळ्या खिडक्या, ‘किती गोड’ म्हणून लिहिलंयत. त्याला तिथे चॅटेल हाऊस म्हणतात. गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने संपली, प्रत्यक्षात सुटका झाली १८३८ ला, आणि सुटलेल्या माणसांकडे जमीन नव्हती, जमीन मळेवाल्याची. मळेवाल्याने हाकललं की घर उचलून न्यायचं, म्हणून पाया न खणता नुसत्या दगडांवर ठेवलेलं, फळी-फळी सुटी करता येईल असं घर. तो गोडवा तिथून आलाय. आता तो फोटो पुन्हा बघा, मला खात्री आहे की तो तुम्हाला तेवढाच आवडेल आणि जास्त कळेल.

‘आपला काय संबंध’ हे मात्र मला लागलं. तुम्ही पुण्याचे. गंज पेठेतला फुलेवाडा तुमच्यापासून किती लांब? जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ छापलं ते अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलंय, त्यांनी निग्रो लोकांना गुलामीतून सोडवण्यासाठी जो त्याग केला त्याबद्दल, आणि आपल्या देशबांधवांनीही त्यांचा कित्ता गिरवावा अशी इच्छा तिथेच लिहिलीये. तेव्हा विमान नव्हतं, इंटरनेट नव्हतं, आणि पुण्यात बसलेल्या त्या माणसाला समुद्रापलीकडचं हे दुःख आपलं वाटलं. मी तर विमानाने तिथपर्यंत गेले होते. मी डोळे मिटून फक्त बीचचे फोटो टाकले असते तर मला स्वतःची लाज वाटली असती.

मैदानाचं म्हणाल तर केन्सिंग्टन ओव्हलला मी गेले होते, त्यावर वेगळी पोस्ट येतेय. २९ जून २०२४ ची फायनल तर आहेच, पण १९७१ मध्ये वाडेकरांच्या टीममधून खेळताना गावसकरांनी तिथेच नाबाद ११७ केले होते, त्याबद्दलही लिहायचंय. एका पोस्टमध्ये सगळं कोंबलं असतं तर दोन्हीला न्याय मिळाला नसता.

आता तुमचा प्रश्न. हो, वेळ काढा. क्रूझच्या धक्क्यावरून टॅक्सीने गॅरिसनला, म्हणजे हे घर आहे त्या जुन्या लष्करी छावणीच्या भागात, जायला फार वेळ लागत नाही, ट्रॅफिक असला तरी. तो सगळा भाग २०११ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. निघायच्या आधी त्या दिवशी म्युझियम उघडं आहे का ते बघून घ्या, ख्रिसमसच्या आसपास जाताय म्हणून सांगते. सकाळी लवकर जा, आधी खालचा मजला बघा आणि वर जायचा कंटाळा करू नका, खरं सगळं वर आहे. आवारात जमिनीखालचे बोगदेही आहेत, साधारण १८२० च्या सुमाराला सैन्याने खणलेले आणि २०११ मध्ये सापडलेले, त्यातला थोडा भाग बघता येतो, पण वहिनींचे गुडघे दुखत असतील तर आधी विचारून घ्या. चालत थोड्या अंतरावर बार्बाडोस म्युझियम आहे, जुन्या लष्करी तुरुंगाच्या इमारतीत, तेही चांगलं आहे. आणि तासभर जास्त मिळाला तर टॅक्सीवाल्याला क्राइस्ट चर्च भागातल्या न्यूटनला न्यायला सांगा. तिथे गुलामांची दफनभूमी आहे, सत्तरच्या दशकात संशोधकांनी तिथे खणून अभ्यास केला, साधारण ५७० माणसं तिथे पुरलेली असावीत असा अंदाज आहे. बघायला तसं काहीच नाही, गवताचं रान आणि थोडे उंचवटे, नावाचा एकही जुना दगड नाही. तुम्हाला तिथे जायचं नसेल तर मी आग्रह करणार नाही, पण घर बघून झाल्यावर कदाचित तुम्हीच म्हणाल.

दुपारी समुद्रावर जा, कार्लाइल बे जवळच आहे, पाणी इतकं स्वच्छ की तळ दिसतो, तळलेला फ्लाइंग फिश खा. आणि आल्यावर इथेच खाली लिहा, माझं म्हणणं पटलं नसेल तरी लिहा, वॉशिंग्टनच्या जेवणाच्या टेबलाबद्दल तुमचं मत बदललं का तेही मला ऐकायचंय.