सर्व्हर गेला, डिस्क भरली

सोशल नेटवर्कला मधला सर्व्हर नसला की डेटा आपल्या ताब्यात, असं म्हणतात. अर्धंच खरं आहे. सिक्युअर स्कटलबट हे बिनसर्व्हरचं सोशल नेटवर्क घ्या. ते बनवणारा न्यूझीलंडचा डॉमिनिक टार बोटीवर राहायचा, नेटचा भरवसा नाही. म्हणून मित्रांच्या आणि त्यांच्याही मित्रांच्या नोंदींची प्रत आपल्याच मशीनवर. कल्पना झकास! पण नव्या माणसाचं पहिलं सिंक, म्हणजे सगळ्यांच्या जुन्या नोंदी उतरवून घेणं, संपता संपत नाही. मधली नोंद खोडावी तर साखळी तुटते, कारण प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ठसा, असतो. खरी गोम वेगळीच: खात्याची एकच गुप्त किल्ली फोन आणि लॅपटॉप दोन्हींवर वापरली, की साखळीला फाटे फुटतात आणि इतरांची मशीन्स तुमच्या पुढच्या नोंदी घेईनाशी होतात. ब्लूस्काय या सोशल नेटवर्कने प्रत्येकाच्या नोंदी सर्व्हरवरच ठेवल्या, ते उगाच नाही.