सातवी पिढी बाद

"काकू, मशीन टकाटक आहे, पण विंडोज अकरा घेणार नाही," तपकीर गल्लीतल्या दुकानातला पोरगा म्हणाला. माझ्या लॅपटॉपचा प्रोसेसर सातव्या पिढीचा आणि मायक्रोसॉफ्टला हवी आठवी किंवा पुढची. रॅम चार जीबी लागते, माझी आठ आहे. टीपीएम नावाची सुरक्षेची सोय लागते, तीही हवी तीच, २.० आहे. पण यादीत नाव नाही म्हणजे नाही. रेशनच्या दुकानातही हेच ऐकावं लागतं, पण तिथे निदान यादी भिंतीवर लावलेली असते.

इथवर मी सोसलं. पण शेजारच्या स्टुलावर कार्ट्रिज भरून घ्यायला आलेले एक काका बसले होते.

"किती सालचा?"

"२०१७."

"मग काय!" म्हणत त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की आता माझंही साल विचारतात की काय! "रात्री झाकता का?"

"काय?"

"कॉम्प्युटर हो! मी कव्हर घालतो. मिसेसनी शिवलंय, नाडीचं. विंडोज सात आहे माझं. आजवर एक व्हायरस नाही."

"काका, सातचे अपडेट २०२० मध्येच बंद झाले. त्यात आता भोक सापडलं तरी बुजवायला कोणी येत नाही."

"येईल कुठून? मी मेन स्विचच काढतो."

"आणि बँकेचं काम?"

"त्याच्यावरच! सगळ्या एफडी. पासवर्ड असा ठेवलाय ना, बापजन्मी कोणाला कळणार नाही." मग आवाज खाली आणून, म्हणजे फक्त दुकानभर ऐकू जाईल इतका, "नातीचं नाव. पण उलटं!"

पोरगा "भारी, काका" म्हणाला. गिऱ्हाईक दुखवायचं नसतं.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. "हां, कनक बाळा, निघालोच हं."

मी मनातल्या मनात कनक उलटं करून पाहिलं. मराठीत केलं, इंग्रजीतही केलं.

हसू आलं, पण खरं सांगते, डोकंही फिरलं. लॅपटॉप आणला त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभरचे कॉम्प्युटर कुलूपबंद केले होते. त्यावरचा इलाज मार्चमध्येच आला होता. ज्यांनी तो टाकला नाही ते अडकले. तेव्हापासून मी एकाही अपडेटला नाही म्हटलेलं नाही. रात्री अकराला आलं तरी "बंद करू नका" वाचत जागी बसले आहे. आणि बाद कोण, तर मी! १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा कारभार आटोपला. वर्षभर जादा अपडेट देतो म्हणाले, पण खातं उघडा, आपली सेटिंगं आमच्या क्लाउडवर ठेवा, नाहीतर पैसे मोजा. युरोपात ग्राहक संघटना भांडल्या, तिथे सेटिंगांची अट गेली. आपल्याकडे कोण भांडणार? काका?

"विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकू? फुकट आहे," पोरगा म्हणाला. आता माझं पोट डीटीपीवर. लग्नपत्रिकांचा मजकूर लोक अजून जुन्या फॉन्टमध्ये आणतात. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडला की 'चि. सौ. कां.'च्या जागी चौकोन आणि टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं दिसतात. वधूपित्याला मी काय सांगू, लिनक्स आहे म्हणून?

"मग एक्स्चेंजमध्ये दोन हजार देतो. चार्जर धरून."

मी लॅपटॉप पिशवीत घातला.

"चेकिंगचे दोनशे झाले, काकू."

चेकिंग म्हणजे त्याने कंपनीचाच एक फुकटचा प्रोग्रॅम चालवला होता आणि त्यात 'चालणार नाही' अशी ओळ आली होती. ती तर मला घरीही दिसत होती. तरी दिले.

काकांचं कार्ट्रिज तयार झालं. त्यांना पन्नास रुपये सोडले.

"जुनं गिऱ्हाईक आहेत ना," पोरगा मला म्हणाला.