‘दुसरा सीटी म्हणजे लूट’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

तासगावच्या आत्याच्या फुप्फुसात ठिपका निघाला होता; त्यासाठी मिरजेला ठरलेला तीन महिन्यांनंतरचा दुसरा सीटी स्कॅन तिने परस्पर रद्द केला. कारण काय, तर ग्रुपवर आलेला मेसेज: ‘फुप्फुसात ठिपका निघाला की पुन्हा स्कॅन सांगतात, ही लूट आहे. कॅन्सर असेल तर पहिल्याच स्कॅनमध्ये कळतो. कॉम्प्युटरने जुना-नवा स्कॅन जुळवणं म्हणजे बिल वाढवायचं निमित्त. एक सीटी म्हणजे शेकडो एक्स-रे. त्यापेक्षा हळदीचं पाणी प्या, ठिपका विरघळतो.’ पुढे ढकलणाऱ्यांनी एकदा तरी विचार करायचा होता.

पहिल्याच स्कॅनमध्ये कळतो? सहा मिलिमीटरचा ठिपका बघून छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही. जुन्या टीबीचा व्रण, नुकताच झालेला संसर्ग आणि सुरुवातीचा कॅन्सर या आकारात सारखेच दिसू शकतात. व्रण आहे तसा राहतो, संसर्ग बहुधा विरतो, कॅन्सर वाढतो. वाढ बघायची तर मध्ये काही काळ जावाच लागतो.

आता ते ‘बिलाचं निमित्त’. ठिपका ६ मिलिमीटरचा ७.५ झाला, तर पडद्यावर फरक दीड मिलिमीटरचा. हाताने मोजताना रेघ जरा सरकली तरी एवढी चूक होते. पण गोल धरून घनफळ काढा: ११३ घन मिलिमीटरचे २२१. म्हणजे जवळपास दुप्पट! सॉफ्टवेअर दोन्ही स्कॅनमध्ये तोच ठिपका गाठतं, त्याच्या कडा आखतं, घनफळ मोजतं आणि तो किती दिवसांत दुप्पट होतोय ते सांगतं. नेदरलँड्स-बेल्जियममध्ये सिगारेट ओढणाऱ्या किंवा पूर्वी ओढलेल्यांवर झालेल्या ‘नेल्सन’ अभ्यासात हीच पद्धत वापरली. घनफळात २५ टक्क्यांहून कमी फरक असेल तर ती वाढ धरलीच नाही, कारण तेवढी तफावत मोजमापातच येऊ शकते. २०२० साली निकाल आले: शंकास्पद गाठीसाठी पुढच्या तपासणीला पाठवावं लागलं फक्त २.१ टक्के, आणि दहा वर्षांत पुरुषांमधले फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २४ टक्क्यांनी कमी. यात लूट कुठे दिसते? उलट, नुसत्या संशयावरून तुकडा काढायला सुई टोचणं वाचतं.

किरणांचं म्हणाल तर अर्धं खरं आहे, तेवढं मान्य. छातीचा नेहमीचा सीटी साधारण ७ मिलिसिव्हर्टचा (हे किरणांच्या मात्रेचं माप), एक्स-रे ०.१ चा. पण ठिपक्याच्या फेरतपासणीला लो-डोस, म्हणजे कमी किरणांचा, सीटी चालतो, तो दीडच्या आसपास. निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतात. ‘लो-डोस होईल का?’ असं डॉक्टरांना जरूर विचारा, पण तारीख चुकवू नका.

हळदीबद्दल सांगलीकरांना मी काय सांगणार! संसर्गाचा ठिपका आपोआप विरतो आणि श्रेय हळदीला जातं. जो विरणारा नसतो, तो मात्र त्या काळात वाढत राहतो.

आणि दुसऱ्या स्कॅनला जाताना जुनी सीडी बरोबर न्या. घरोघरी रिपोर्टचा कागद जपतात आणि सीडी पोरांच्या हातात देतात. कागदावरून सॉफ्टवेअरला काहीही जुळवता येत नाही. शक्यतो सेंटर तेच ठेवा, आणि ‘श्वास रोखा’ म्हटलं की पूर्ण भरून रोखा. अर्ध्या श्वासात फुप्फुस लहान राहतं आणि मापं बिघडतात.