दर महिन्याला बदलून काय उपयोग?

ऑनलाइन खाती सुरक्षित ठेवायची तर पासवर्ड दर महिन्याला बदला, असं एका लेखात म्हटलंय. माझ्या मते दुखणं वेगळंच आहे. आमचे बाबा (निवृत्त हिशेबनीस, भारी काटेकोर) इमानेइतबारे बदलायचे, पण नवा पासवर्ड बँक, डिमॅट, ईमेल आणि किराण्याचं अ‍ॅप, सगळीकडे एकच! चोर हल्ली अंदाज लावत बसत नाहीत. एका साइटवरून फुटलेली ईमेल-पासवर्डची यादी घेतात आणि प्रोग्रॅम लावून ती इतर शंभर ठिकाणी चालवून बघतात. २०१२ मध्ये ड्रॉपबॉक्सच्या (इंटरनेटवर फाइल्स साठवून ठेवणारी कंपनी) एका कर्मचाऱ्याने दुसरीकडे वापरलेलाच पासवर्ड कामाच्या खात्यालाही ठेवला होता, चोर तिथून आत शिरले. त्या वेळी गेलेली ६ कोटींहून जास्त खात्यांची माहिती २०१६ मध्ये बाहेर आली. कंपनीचीच ही गत, तर आपलं काय!

सगळ्यात आधी ईमेलचा पासवर्ड वेगळा करा. 'पासवर्ड विसरलात?'ची लिंक तिथेच येते ना. लेखात हे राहूनच गेलंय. बाबांनी आता वही घातलीय, प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड, वही कपाटात कुलपात. भाऊ हसतो त्यांना. हसू दे, यादी चालवणारा चोर काही आमचं कपाट फोडायला येत नाही.