तांब्याच्या बाटलीत लिंबू आणि सकाळी एक गोळी

"क्रूझला निघालात? किनाऱ्यावर पाय ठेवण्याआधी हे सात नियम वाचाच!" असा एक मेसेज सध्या सोलापुरातल्या ज्येष्ठांच्या ग्रुपांवर फिरतोय. खाली सही म्हणून "एका मराठी डॉक्टरांचा स्वानुभव" एवढंच. या डॉक्टरांना ना नाव, ना गाव. आमची आत्या आणि आतोबा पुढच्या महिन्यात सिंगापूरहून मलेशियातलं पेनांग आणि थायलंडमधलं फुकेत करून येणाऱ्या जहाजावर चढणार आहेत. त्यामुळे आमच्या घरात तो मेसेज वेदवाक्य झालाय. माझं मेडिकल आहे. आतोबा आले, मोबाइल काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "यातलं तीन नंबरचं काढ." तीन नंबरला अँटिबायोटिक होतं. नाही म्हटल्यावर "लय शाना झालास बे" हे ऐकून घ्यावं लागलं. आतोबांना तोंडी सांगून पटत नाही, छापल्यासारखं दिसावं लागतं. म्हणून हे लिहिलंय.

मेसेज थोडक्यात असा. एक, पाणी तांब्याच्या बाटलीत न्या, त्यात लिंबू पिळा, तुरटी फिरवा. दोन, बर्फाला घाबरू नका, गोठलं की जंतू मरतात. तीन, किनाऱ्यावर उतरायच्या दिवशी सकाळी ऑफ्लॉक्सासिनची एक गोळी घ्या. चार, सॅनिटायझर असेल तर हात धुवायची गरज नाही. पाच, जहाजावरचं पाणी समुद्राचं असतं, ते पिऊ नका. सहा, जुलाब झाले तर जहाजावर कुणाला कळू देऊ नका, ते थांबवायची गोळी घ्या. सात, आपलं पोट भारतीय आहे, सगळं पचवतं.

सहा नंबरपासून सुरुवात करतो. बाकीच्यांनी बहुतेक पोटच बिघडेल, याने माणूस जाऊ शकतो. मेसेजमधलं वाक्य जसंच्या तसं: "फॉर्मवर सगळीकडे नाही लिहा. त्रास झाला तर केबिनमध्ये गुपचूप पडून राहा, पाणी कमी प्या म्हणजे जुलाब आपोआप थांबतात, सांगितलंत तर कोंडून ठेवतील."

पाणी कमी प्या! १९७१ साली बांगलादेशच्या युद्धातले निर्वासित बंगालमध्ये बनगावच्या छावणीत आले, तेव्हा तिथे कॉलरा पसरला. सलाइनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा घातलेलं पाणी पिंपात भरून ठेवलं आणि नातेवाइकांनाच रुग्णाला पाजायला सांगितलं. शंभरातली तीसएक माणसं मरत होती, तिथे हे प्रमाण चारच्याही खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. या गोष्टीला अर्धं शतक उलटून गेल्यावर एक बिननावाचा डॉक्टर सांगतोय की जुलाबात पाणी कमी प्या, आणि आपली माणसं त्याला हात जोडणारं चित्र पाठवतात.

आतोबांची बीपीची गोळी मीच देतो. त्यात लघवी वाढवणारं औषध आहे. शुगरचीही गोळी चालू आहे. अशा माणसाला दहा जुलाब झाले, वरून पाणी तोडलं आणि गोळ्या मात्र नेमाने चालू ठेवल्या, तर मूत्रपिंडं किती वेळ तग धरतील? बाथरूममध्ये चक्कर येऊन पडणं ही त्यातल्या त्यात स्वस्तातली शिक्षा. आणि हे सगळं बंद दाराआड, कारण मेसेज म्हणतो गुपचूप राहा.

कोंडतात, हे खरं आहे. जहाजावरच्या दवाखान्याचं बिल डोळे पांढरे करतं, हेही खरं. त्याच्यासाठी प्रवासविमा असतो, आणि विम्याचे पैसे मागायला डॉक्टरचा कागद लागतो. गुपचूप पडलेल्या माणसाकडे तो कुठून येणार? केबिनमध्ये ठेवतात त्याला कारण आहे. जहाजावर जुलाब-उलट्यांची साथ आली तर बहुतेक वेळा ती नोरोव्हायरसची असते. अमेरिकेतली सीडीसी ही सरकारी संस्था जहाजांच्या स्वच्छतेसाठी वेगळा कार्यक्रम चालवते. तिथल्या बंदरांना लागणाऱ्या जहाजावर प्रवाशांपैकी किंवा कर्मचाऱ्यांपैकी ३ टक्के लोक आजारी पडले, तर ती साथ नावानिशी जाहीर होते. आत्याचं जहाज अमेरिकेला जात नाही, पण विषाणू बंदर बघून वागत नाही. शंभराहून कमी कण पोटात गेले तरी लागण होते, आणि लक्षणं १२ ते ४८ तासांनी दिसतात. म्हणजे पेनांगला खाल्लेलं फुकेतला उतरताना उसळतं, आणि तोवर त्याच हातांनी जिन्याचा कठडा आणि बुफेचा डाव धरलेला असतो.

जुलाब थांबवायची गोळी तर मेसेजने बडीशेपेसारखी वाटली आहे. ताप असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल तर ती घ्यायचीच नाही. बॅगेत ओआरएसची पाकिटं ठेवा, पण जागतिक आरोग्य संघटनेचं (डब्ल्यूएचओ) सूत्र छापलेली. फळांच्या चवीची गोड पेयं "ओआरएस" नाव लावून विकली जात होती, त्यावर एफएसएसएआय या आपल्या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये बंदी घातली. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

आता तीन नंबर. नोरोव्हायरस विषाणू आहे, त्याला अँटिबायोटिकने काहीही होत नाही. उरले जिवाणू. प्रवासातले जुलाब बहुतेक वेळा जिवाणूंमुळेच होतात, हे मला मान्य आहे. तरीही "आधीच एक घेऊन ठेवा" हे सीडीसी बहुतेक प्रवाशांना सांगत नाही. थायलंडच्या बाबतीत तर याहून गंमत आहे. तिथला कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जंतू ऑफ्लॉक्सासिनच्या घराण्यातल्या औषधांना आता फारसा जुमानत नाही. त्यामुळे आग्नेय आशियात गरज पडलीच तर दुसरं औषध आधी सुचवतात. म्हणजे आतोबा जी गोळी घेऊन फुकेतला उतरणार, तीच तिथे लंगडी. या औषधांवर अमेरिकेत २००८ पासून ठळक चौकटीत इशारा छापतात: स्नायूबंध, विशेषतः टाचेमागचे, सुजू शकतात, तुटूही शकतात, आणि साठीपुढच्यांना धोका जास्त. मधुमेह्यांची साखर एकाएकी उतरू शकते, हा इशारा २०१८ मध्ये आणखी ठळक केला. आतोबा साठीपुढचे आणि शुगरवाले. टाच धरून फुकेतच्या बोटीतून उतरायची हौस असेल तर त्यांनी जरूर घ्यावी, माझ्याकडून मिळणार नाही. चिठ्ठीशिवाय द्यायचं औषधच नाही ते.

एक नंबरवर आमची आई हसली. आंबट वस्तू तांब्यात कळकते, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. पितळेच्या पातेल्यात आमटी करायची तर आधी कल्हई लावून घेत, ती हौस म्हणून नव्हे. लिंबाच्या आंबटपणाने तांबं पाण्यात उतरतं, आणि त्याने मळमळ, उलट्या, पोटात कळा येतात. म्हणजे पोट बिघडू नये म्हणून सांगितलेला उपाय स्वतःच पोट बिघडवणारा. जुलाब झाले की दोष पेनांगच्या हातगाडीला, आणि बाटली पुन्हा लिंबू पिळून तयार!

तांब्याने जंतू मरतात यात तथ्य आहे, नाही असं म्हणत नाही. बंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जुलाबाचे जिवाणू तांब्याच्या भांड्यात मेले, पण पाणी त्यात १६ तास ठेवलं होतं. किनाऱ्यावरची सहल सहा-आठ तासांची. सकाळी भरलेली बाटली जंतू मारायला लागेपर्यंत तुम्ही जहाजावर परत येऊन जेवायला बसलेले असाल. लिंबालाही अगदीच शून्य देता येत नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊमध्ये भाताबरोबरच्या कालवणात लिंबू पिळणाऱ्यांना कॉलरा कमी झाल्याचं दिसलं होतं. पण तो कॉलरा होता, आणि लिंबू अन्नात होतं, तांब्यात नव्हतं. तुरटीबद्दल सोलापूरकरांशी वाद घालणं अवघड. चार-चार, पाच-पाच दिवसांनी नळ येणाऱ्या गावात बॅरलमध्ये तुरटी फिरवायची सवय हाडीमाशी भिनलेली आहे. तुरटीने गाळ बसतो, पाणी नितळ दिसतं. जलशुद्धीकरण केंद्रातही आधी गाळच बसवतात, पण पुढे क्लोरीन घालतात म्हणून ते पिण्याजोगं होतं. तुरटीवर थांबलं की दिसायला छान, जंतू तिथेच.

खरा उपाय पाच नंबरमध्ये होता, तो या शहाण्याने उलटा करून ठेवलाय. जहाजावर समुद्राचं पाणी वाफ करून किंवा आरओने गोडं करतात, मग क्लोरीन घालतात. सीडीसीच्या नियमांत तर पाणी तयार होताना किंवा बंदरावरून भरून घेताना क्लोरीन लिटरमागे किमान २ मिलिग्रॅम आणि शेवटच्या नळाला किमान ०.२ हवं, असं मोजून दिलंय. उतरायच्या आधी बाटली जहाजावरच भरून घ्या. किनाऱ्यावर विकत घ्यावीच लागली तर सील बघून घ्या.

बर्फाने जंतू मरत नाहीत, झोपतात. थायलंडमध्ये बऱ्याच ठिकाणी कारखान्यातला नळीसारखा बर्फ मिळतो, तो बरा. पेनांगच्या आइस काचांग या गोड पदार्थातला किसलेला बर्फ कुठल्या पाण्याचा, हे विचारायची सोय नसते, तेव्हा आत्या, मोह आवर. उकळतं, वाफाळतं समोर करून देत असतील तर हातगाडीवरचंही खा. बसमध्ये दोन तास पडलेला डबा मात्र टाकून द्या, ऊन बत्तीस अंशांच्या वर असेल तर तासाभरातच.

सॅनिटायझर नोरोव्हायरसवर नीट चालत नाही. साबण, वाहतं पाणी, वीस सेकंद. पुढे.

भारतीय पोट! यावर आमच्या ग्रुपमध्ये कुणीतरी लगेच जोडलं, "उजनीचं पाणी पचवणारी माणसं आपण." टाळ्या. लहानपणापासून जे जंतू पोटात गेले, त्यांच्याशी शरीराची थोडी ओळख होते आणि युरोपातल्या माणसाइतके आपण पटकन आडवे पडत नाही, हे अर्धं खरं. पण नोरोव्हायरसला उजनी माहीत नाही, आणि काही त्रास जंतूंचा नसून विषाचा असतो. उन्हात राहिलेल्या टूना-बांगड्यासारख्या माशांत हिस्टामिन तयार होतं, ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर तोंड चुरचुरतं, चेहरा लाल होतो. आपण मटणवाले, मासा शिळा की ताजा हे आपल्याला कितीसं कळतं?

कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्यायला हरकत नाही, पण जहाजाच्या कंपनीला आधी विचारा, आणि खायची ती केबिनमध्ये. बंदरावर उतरवू नका. बुफेतलं सफरचंदही पिशवीत टाकू नका, काही देशांत त्यावर जबर दंड आहे.

सात नियमांत टायफॉइडच्या लशीचं नावही नाही. ती डॉक्टरांना विचारून घ्यायची, आणि सुई टोचल्यावर प्रवासाआधी किमान दोन आठवडे जावे लागतात. आत्या, या आठवड्यात विचारलंस तर वेळेत होईल.